ठेंगणीसाठी टायर

भैया, टायरचं ठरायचं राहिलं होतं आणि तू निघून गेलास. हे काही बरोबर केलं नाहीस. जेवण अर्धं टाकून उठायचास, सिनेमा अर्धा सोडून यायचास, माझ्या लग्नात फोटो काढायचं काम अर्धं टाकून मांडवामागे कुणाची तरी मोटारसायकल खोलून बसला होतास. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये म्हणूनच अंतरपाट धरलेला आहे आणि पुढचा फोटो थेट पंगतीचा आहे. पण भांडण मात्र तू कधी अर्धं सोडलं नाहीस. हे एकच सोडलंस.

तेराव्याला आलेले लोक तुझ्याविषयी पुष्कळ बोलले. कारखान्यात किती वर्षं होतास, कुठल्या खात्यात, हाताखाली किती माणसं. मी मान हलवत होतो. त्यांना तो माणूस माहीत होता, मला वेगळाच माहीत होता. माझा माणूस अंगणात उकिडवा बसून टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवायचा, नख रुतलं तर हसायचा आणि नाही रुतलं तर म्हणायचा, "मेलं हे. वरून नक्षी शाबूत आहे, पण रबर वाळलं."

तुला काय सांगायचं, पण ज्यांनी ठेंगणीला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठेंगणी म्हणजे आपली दोन माणसांची उघडी विलायती गाडी. आपल्या जन्माच्या आसपासची, शर्यतीच्या जातीची. छावणीतल्या एका निवृत्त फौजी साहेबाच्या बंगल्यात आंब्याखाली तिचा सांगाडा पडला होता. तिथून तू तो हातगाड्यावर घालून जबलपूरच्या गढा भागातल्या घरी आणलास, आणि वहिनीला वाटलं पाण्याची टाकी आली. उंची एवढी कमी की शेजारचा बोकड उडी न मारता सीटवर चढायचा. वजन तर काहीच नाही. आजकालची साधी घरगुती गाडी तिच्या दुपटीहून जड भरेल. मी आत बसलो की ती माझ्या बाजूला झुकायची आणि तू म्हणायचास, "मास्तर, जरा श्वास सोड, चाक घासून राहिलं."

हिवाळ्यात जुन्या गाड्यांचे शौकीन एका पडीक धावपट्टीवर जमतात. विमानं केव्हाच बंद झालेली, डांबर मात्र अजून बरं. नारंगी कोन मांडून वळणं आखायची आणि एकेकाने आपली गाडी पळवायची. बक्षीस नाही, काही नाही. संपलं की सगळ्यांनी मिळून पोहे खायचे. एवढ्यासाठी तू वर्षभर जगायचास. आणि गेल्या हिवाळ्यात ठेंगणीच्या चारही टायरांमध्ये तुझं नख रुतेना, तिथून आपलं भांडण सुरू झालं.

त्या तेरा इंची चाकांसाठी मिळणारं जगात फार थोडं उरलंय. शोधून शोधून दोन जाती हाती आल्या. एक माझी: रुंद, मऊ, चिकट रबराची, जवळजवळ गुळगुळीत. दुसरी तुझी: अरुंद, जरा कडक, जुन्या धाटणीच्या नक्षीची, खास अशा म्हाताऱ्या गाड्यांसाठी बनवलेली.

"गोटा झाले म्हणून लोक टायर बदलतात," तू म्हणालास, "अन् तू नवे गोटे विकत आणून राहिला."

"रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीला. जास्त रबर म्हणजे जास्त पकड. साधी गोष्ट आहे, भैया."

"अच्छा? तू भौतिकशास्त्र शिकवतो ना बे पोरांना? तुझ्याच पुस्तकात छापलंय, घर्षण क्षेत्रफळावर नसतं म्हणून."

"ते लाकडाच्या ठोकळ्याचं आहे. रबराचं वेगळं असतं."

"मग पोरांना ठोकळ्याचं काहून शिकवतो? ठोकळे चालवतात का ते?"

त्यानंतर वर्गात तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो. पण मी हार मानली नाही. इंटरनेटवर रोज काहीतरी वाचायचं आणि संध्याकाळी तुझ्याकडे यायचं, हा माझा नेम झाला. बायको म्हणायची, या माणसाने माझ्या मधुमेहाबद्दल एवढं वाचलं असतं तर मी आज गुलाबजाम खात असते.

तुझं म्हणणं मला आता पाठ आहे. मऊ टायर तापल्यावर चिकटतो. त्याला तापवायला वजन पाहिजे. ठेंगणीच्या अंगात वजनच नाही, ती त्याला तापवणार कशी? आणि थंड चिकट टायर म्हणजे नुसता चपलेचा तळवा. मी म्हणालो, जबलपूरच्या मे महिन्यात डांबर स्वतःच विरघळतं, तापवायचा प्रश्नच कुठे येतो? तू म्हणालास, "चलो, मे महिन्यात तूच चालव. गाडी चिकटेल अन् तू उन्हानं पडशील." मग हसणं ओसरल्यावर, चाकाच्या स्पोकवरून बोट फिरवत, हळू आवाजात म्हणालास, "अन् मास्तर, पकड जास्त झाली ना की तो सगळा ताण या म्हाताऱ्या तारांवर येते. टायर सोडत नाही, मग दुसरं काहीतरी सुटते. अरुंद टायर कसा, सुटायच्या आधी सांगतो. बुडाखाली कळते. 'चाललो बरं का' म्हणतो. रुंद टायर काही बोलतच नाही. धरून धरून ठेवतो अन् एकदम सोडून देतो."

मी म्हणालो, टायरला बोलता येत नाही.

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मास्तर लोकांचं काही खरं नाही.

वहिनी या भांडणात कधी पडली नाही. टायरच्या बाबतीत तिने एकदाच लक्ष घातलं होतं, ते दसऱ्याला. तू अंघोळीला गेलेला. वहिनीने हौसेने गाडी धुतली, हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि चारही टायर राखाडी दिसतात म्हणून खोबरेल तेल घेऊन ते चोळून चोळून काळेभोर केले. बाजू चोळल्या आणि जमिनीला टेकतो तो भागही चोळला. नव्या चपलेसारखे चमकायला लागले. तू पूजा केलीस, नारळ फोडलास, आणि आम्हा सगळ्यांना कौतुकाने बाहेर उभं करून गल्लीच्या वळणापर्यंत फेरी मारायला निघालास. वळणावर ठेंगणी अगदी अदबीने, काही आवाज न करता, स्वतःभोवती फिरली आणि तोंड घराकडे करून उभी राहिली. तू आत तसाच बसलेला, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू.

आम्हाला वाटलं आता तू चिडशील. तू उतरलास, टायरला बोट लावून वास घेतलास आणि वहिनीला म्हणालास, "सुनंदा, माझ्या डोक्याला तेल लाव म्हटलं की तुला वेळ नसतो." बस. मग साबणाचं पाणी घेऊन दुपारभर चाकं धूत बसलास आणि वहिनी बाजूला बसून हसून हसून रडत होती. परवा तिने मला हे पुन्हा सांगितलं. या वेळी नुसती रडली.

माझे वडील, म्हणजे तुझे काका, गेले तेव्हाचं एक तुला बोलायचं राहून गेलं. तेव्हा घरभर माणसं होती आणि प्रत्येक जण मला काहीतरी समजावत होता. तू काही बोलला नाहीस. मागच्या अंगणात नेलंस, ठेंगणीचं एक चाक माझ्यापुढे टाकलंस, हातात जुना दात घासायचा ब्रश दिलास आणि म्हणालास, "तारा साफ कर. एकेक." मी त्या दिवशी चारही चाकांच्या तारा घासल्या. त्या कामात रडलं तरी कुणाला दिसत नाही, कारण मान खालीच असते. तुला ते माहीत होतं ना? मी कधी विचारलं नाही. आभार मानले असते तर तू चिडवून चिडवून बेजार केलं असतंस, म्हणून मानले नाहीत. आता चिडवायला तू नाहीस, तर मानतो.

मग तुझी छाती कुरकुरायला लागली. जिन्यावर थांबायला लागलास, मग अंगणात थांबायला लागलास, मग खाटेवरच. खाट खिडकीशी लावून घेतलीस, तिथून ठेंगणी दिसायची. जुने टायर काढून ठेवलेले, ती विटांवर उभी. मी शाळेतून येताना तुझ्याकडे यायचोच. दुसरं काय बोलायचं कळत नसे, म्हणून टायरचं काढायचो. डॉक्टर काय म्हणाले हे विचारण्यापेक्षा रबर किती मऊ असावं हे विचारणं सोपं जायचं. तुलाही तेच सोयीचं होतं. कधी कधी दम लागून वाक्य मधेच थांबायचं आणि मी उरलेलं वाक्य पुरं करायचो. तुझीच बाजू, तुझ्याच शब्दांत. मग माझी बाजू मांडायचो. थोडक्यात, एकटाच भांडायचो आणि तू पंचासारखा मान हलवायचास.

आणि एका दुपारी तू अचानक म्हणालास, "ठीक आहे. तुझे घे."

"काय?"

"रुंदवाले. चिकट. मागव."

मी चकित झालो. म्हटलं, भैया, ताप आहे का? तू डोळे मिटून म्हणालास, "नाही बे. विचार केला. तूच बरोबर आहे."

इतक्या वर्षांत तू हे वाक्य मला पहिल्यांदा म्हणालास. भैया, मी तिथून स्कूटरवर गात गेलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, जिंकलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भैयाजी हरले? ते कसे काय हरले?" मी म्हणालो, शास्त्रापुढे सगळेच हरतात. आणि पोळी मागितली.

त्याच आठवड्यात तू गेलास.

मग मला वाटायला लागलं की तू हरला नव्हतास, थकला होतास. ज्याला आता गाडी चालवायचीच नाही त्याने कशाला वाद घालावा, म्हणून सोडून दिलंस. ते मला सहन होईना. मी ठरवलं, तुझेच टायर घ्यायचे. अरुंद. माझं सगळं शास्त्र गेलं खड्ड्यात.

पण तुझी लेक मुक्ता ऐकेना. ठेंगणीचं काय करायचं हा प्रश्न तेराव्यालाच निघाला होता. तुझ्या साडूंनी सुचवलं की जुने टायर चढवून, पॉलिश करून ती कुठल्या तरी हॉटेलच्या दारात शोभेला द्यावी. मुक्ताने सगळ्यांसमोर सांगितलं, "नहीं मौसाजी. गाडी मी चालवणार. या हिवाळ्यात, बाबांच्या धावपट्टीवर." तू तिला अंगणात क्लच सोडायला शिकवलंस तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. आता ती पुण्याला नोकरी करते, पण हात तसेच आहेत, तुझ्यासारखे. वहिनी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि मुक्ता अंगणात. ती म्हणाली, "काका, रुंदवाले मागवू ना? आई सांगत होती, बाबा शेवटी तेच म्हणाले."

"अरुंद घेऊ."

"पण तुम्ही तर... तुम्हीच तर रुंदसाठी भांडत होता!"

"भांडत होतो. चुकत होतो. गाडी हलकी आहे, मऊ रबर तापणार नाही."

"और मई में डांबर पिघलता है, वो?"

"तू मे महिन्यात चालवणार आहेस का?"

"काका, बाबांची शेवटची गोष्ट आहे ती. मी कशी बदलू?"

म्हणजे बघ. ती माझी बाजू घेऊन भांडत होती आणि मी तुझी. मी बुडाखाली कळतं म्हणालो, तारांवर ताण येतो म्हणालो, टायर बोलतो हेसुद्धा म्हणालो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, पण बाबांनी सांगितलं.

शेवटी वहिनी दारात आली. हातात पीठ तसंच होतं. म्हणाली, "तुम्ही दोघं काहून भांडून राहिले? त्यांनी रुंद का म्हटलं ते मला माहीत आहे."

उंबऱ्याला टेकून ती माझ्याकडे वळली.

"भावजी, त्या दिवशी तुम्ही गेले ना, मी म्हटलं, एवढं वर्षभर नाही नाही म्हटलं अन् आज हो कसं म्हटलं? तर म्हणाले, मी चालवणार असतो तर अरुंदच. पण आता पोरगी चालवेल. ती ऐकणार नाही कोणाचं, चालवेलच. अन् मी बाजूला नसेन. तिला धरून ठेवतील असे पाहिजेत."

एवढं बोलून ती आत गेली आणि पोळ्या लाटू लागली.

भैया, मी विटांवरच्या त्या गाडीकडे बघत राहिलो. तू थकला नव्हतास, हरलाही नव्हतास. तुझं मत कणभर बदललं नव्हतं. टायर धरून धरून एकदम सोडतो, हे तूच मला सांगायचास. तरी बापाचा जीव, त्याला त्या घडीला फक्त धरणं दिसलं, सोडणं दिसलं नाही. तुझ्यासारख्या माणसालाही भीतीपुढे रबराचा हिशेब विसरता येतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. मी वर्षभर रोज समोर बसत होतो, भैया. तुला भीती वाटते हे तू मला सांगू शकला असतास. की मी टायरचंच बोलत राहिलो म्हणून तूही टायरमध्येच सांगितलंस?

मुक्ता ठेंगणीत जाऊन बसली. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आता ती रुंदच म्हणणार, बापाची माया कोण नाकारेल? मी स्वतःची समजूत घालायच्या तयारीत होतो.

ती परत आली, डोळे लाल. म्हणाली, "अरुंद मागवा, काका."

"नक्की?"

"बाबांना डर लागत होता. ठीक आहे, लागणारच ना. पण मला त्यांनी डर नाही शिकवला. मला शिकवलं, गाडी सुटायच्या आधी सांगते, तू ऐक. तर मला सांगणारे टायर पाहिजेत. धरून ठेवणारे नको." मग नाक पुसून म्हणाली, "ते असते तर खूप चिल्लावले असते."

आतून वहिनीचा आवाज आला, "मला कोणी विचारू नका. मला दोन्हीची भीतीच वाटते."

तर अरुंद आले. तुझ्या शेवटच्या शब्दाविरुद्ध, तुझ्या आयुष्यभराच्या मताप्रमाणे. यात आम्ही तुझं ऐकलं की मोडलं, ते तूच ठरव आणि काय शिव्या द्यायच्या त्या दे.

काल धावपट्टीवर नेले. नवे टायर पहिल्या दिवशी जोरात पळवायचे नसतात. हळूहळू थोडे तापवायचे आणि मग एक दिवस निवू द्यायचे, म्हणजे रबर बसतं, एवढं मलाही वाचून ठाऊक होतं. मुक्ताने सावकाश फेऱ्या मारल्या. वळणावर वेग इतका कमी होता की पोह्यांची पातेली घेऊन चाललेले गृहस्थ तिला ओलांडून गेले. ती थांबल्यावर मी खाली वाकलो, माझ्या पोटाने परवानगी दिली तेवढा, आणि टायरवर हात ठेवला. कोमट होता. नख लावून पाहिलं. रुतलं. इतकंच आपल्याला येतं, भैया, बाकी सगळं वाचलेलं.

आज टायर निवताहेत. उद्या सकाळी ती खरी चालवेल. पहिल्या मोठ्या वळणावर ठेंगणीची मागची बाजू थोडी सुटेल. सुटायलाच पाहिजे, त्यासाठीच तर हे टायर घेतले. वहिनी येणार आहे, पण त्या वळणाला डोळे मिटून घेणार, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. मलाही मिटावेसे वाटतील. तुला तर माहीत आहे, मी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा डोळे मिटून बसतो. पण उद्या मी मिटणार नाही. तिने गाडी सावरून कोनांच्या पलीकडून मान वळवली, तर तुझ्या जागी कुणीतरी बघत असलेलं तिला दिसायला पाहिजे.